ईशान्येकडची मुलं, कोकणातलं रिसॉर्ट आणि 'किरकोळ' म्हणून परत पाठवलेली तक्रार

प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळ किनाऱ्यावर छोटं रिसॉर्ट आहे. मणिपूर, नागालँड, आसाम आणि दार्जिलिंगकडची मिळून बारा मुलं-मुली कामाला आहेत. गिऱ्हाईकं आणि बाजारातली पोरं त्यांना 'चिनी', 'चिंकी', 'मोमो' अशा हाका मारतात. गावात त्यांना खोली मिळत नाही. गेल्या आठवड्यात नागालँडच्या एका मुलाला किनाऱ्यावर अडवून ढकलाढकली झाली आणि पोलिसांनी 'किरकोळ आहे' म्हणून परत पाठवलं. मालकाने काय करावं, आणि कायद्यात काही आहे का?

आधी ढकलाढकलीचं बघू, कारण तिथे एकेक दिवस हातातून जातोय. किनाऱ्यावरच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण आपोआप पुसलं जातं. कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. डिस्क केवढी आहे त्यावर ते ठरतं. आजच त्या दुकानदाराला दोन ओळींचं पत्र द्या: अमुक तारखेचं, सायंकाळी इतक्यापासून इतक्या वाजेपर्यंतचं चित्रण जपून ठेवावं. पोच म्हणून सही घ्या आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यात द्या. कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर तो मूळ फोनमध्येच राहू दे. व्हॉट्सॲपवरून फिरलेली फाइल लहान होते, तारीख-वेळेची मूळ नोंद निघून जाते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ते ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याला द्यावं लागतं. म्हणून व्हिडिओ कोणी काढला, त्याचं नाव आणि नंबर आत्ताच लिहून ठेवा. व्हिडिओ कापू नका, त्यावर अक्षरं टाकू नका.

आता 'किरकोळ' का म्हटलं गेलं ते. बऱ्याचदा याचं मूळ तक्रारीच्या मजकुरातच असतं. कागदावर लिहिलेलं असतं 'शिवीगाळ व धक्काबुक्की केली'. एवढ्यावर ठाणे अंमलदार भारतीय न्याय संहितेची ३५२ (अपमान) आणि ११५(२) (साधी दुखापत) ही कलमं बघतो. दोन्ही अदखलपात्र आहेत, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत, त्यामुळे एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती हातात देऊन मोकळा होतो. त्या मुलाला त्याच्या चेहऱ्यावरून, तो कुठला आहे यावरून अडवलं, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

म्हणून तक्रार नव्याने लिहा. जे शब्द उच्चारले गेले ते जसेच्या तसे, अवतरण चिन्हांत. मराठीत असतील तर मराठीत, हिंदीत असतील तर हिंदीत. घाण आहेत म्हणून फुल्या मारू नका, सभ्य करू नका. कोण बोललं, त्या वेळी आजूबाजूला कोण होतं, ते किती अंतरावर उभे होते, ऐकू येईल इतक्या जवळ होते का, जागा रस्त्यावरची की किनाऱ्यावरची, हे लिहा. आधीचा काही वाद होता का, पैशाचा, गाडी लावण्याचा, दारूचा? नसेल तर 'माझी यांच्याशी पूर्वीची ओळख वा भांडण नाही' हे वाक्य जरूर घाला. बचाव पक्ष पहिली शंका तिथेच काढतो. मग हात कुठे लागला, पडला का, कशावर पडला. वाट अडवून ठेवली असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण बेकायदा अडवणूक, कलम १२६(२), दखलपात्र आहे, आणि एका प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. मुका मार असला तरी ग्रामीण रुग्णालयात नोंद करून घ्या. वळ आठवड्याने दिसत नाहीत, म्हणून घटनेच्या दिवसापासून काढलेले फोटो असतील तर तेही द्या.

ठाण्यात तुम्ही सोबत जा. इथे स्थानिक माणसाचं वजन असतं, ते त्या मुलाच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. पण बोलू द्या त्याला. मालकाच्या तोंडून आलेली हकिगत पुढे कोर्टात टिकत नाही. त्याला हिंदी नीट येत नसेल तर त्याच्या गावचा, दोन्ही भाषा येणारा माणूस फोनवर घ्या आणि दुभाषाचं नाव जबाबात लिहायला सांगा. जबाब मराठीत लिहिला गेला तर त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही नको. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नकार आला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, म्हणजे तुमच्यासाठी ओरोसला, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. वकील परवडत नाही असं मानू नका: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना, महिलांना आणि वांशिक हिंसेच्या पीडितांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१००.

यापुढे सगळ्यात जास्त गोंधळ असलेला भाग, ॲट्रॉसिटी कायद्याचा. अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या १९८९ च्या या कायद्यात कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) सार्वजनिक दृष्टीसमोर केलेल्या अपमानाला आणि जातीवाचक शिवीगाळीला लागू होतात. ठाण्यात हमखास ऐकवलं जातं की 'हा नागालँडचा आदिवासी, महाराष्ट्राच्या यादीत त्याची जमात नाही, इथे कायदा लागत नाही'. नोकरी-प्रवेशाच्या आरक्षणाबाबत राज्याची यादी बघितली जाते हे खरं, पण अत्याचारापासून संरक्षणाला ती अट लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे: एका राज्यात अनुसूचित असलेली व्यक्ती देशात कुठेही असली तरी या कायद्याचं संरक्षण तिच्यासोबत असतं. हा निकाल शोधून त्याची छापील प्रत सोबत न्या. तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे ठेवलेला बरा. मुलाचा जमातीचा दाखला घरून मागवा. दाखल्याचा फोटो आला तरी सुरुवातीला चालतो, मूळ प्रत नंतर लागेल. कलम १८-ए प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खाली जात नाही.

पण बाराही जणांना हा कायदा लागू होईल असं समजू नका. नागा, कुकी, मिझो, खासी, गारो, बोडो या त्यांच्या-त्यांच्या राज्यांत अनुसूचित जमाती आहेत. मणिपूरच्या मैतेई मुलाला तो सहसा लागू नाही. दार्जिलिंगकडच्यांत तामांग आणि लिंबू अनुसूचित जमातीत येतात, इतर बहुतेक गोरखा समाज येत नाहीत. शिवाय अपमान त्या माणसाच्या जमातीमुळे झाला हे दिसावं लागतं, आणि 'चिंकी' ही हाक जमातीवरून की नुसत्या चेहऱ्यावरून, असा वाद बचाव पक्ष घालतोच. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना अशा शेऱ्यांवर हा कायदा लावायला कळवलं होतं, तेही वकिलाच्या कानावर घाला.

ज्यांना तो लागू नाही त्यांच्यासाठी कायदा तोकडा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात एका दुकानात पत्ता विचारायला थांबला. त्याच्या केसांवरून टिंगल झाली, त्यावरून भांडण, मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी आणि हिंसेसाठी दंडविधानात दोन नवी कलमं सुचवली. तशी स्वतंत्र कलमं आली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राला देखरेख समिती नेमायला सांगितलं. आजच्या न्याय संहितेत वंश आणि जन्मस्थान हे शब्द काही ठिकाणी आहेत: पाच किंवा अधिक जणांनी मिळून या कारणावरून गंभीर दुखापत केली तर ११७(४), खून केला तर १०३(२). गटागटांत वैर पेटवण्याचं कलम १९६ही आहे, पण एकट्या माणसाला रस्त्यात मारलेल्या शेऱ्याला ते बसवणं अवघड जातं आणि खटल्याला सरकारची पूर्वमंजुरी लागते. सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका. मुलींच्या बाबतीत मात्र कलम ७९, स्त्रीच्या विनयाचा अपमान, दखलपात्र आहे आणि 'रेट किती?' छापाच्या प्रश्नांना ते नेमकं लागतं.

इथवर आलं ते घडून गेल्यानंतरचं. लाजपतनगरची सुरुवात केसांवरच्या टिंगलीतून झाली होती, म्हणून तुमच्या जेवणघरात पडणाऱ्या पहिल्या शेऱ्याकडे तेवढ्याच गांभीर्याने बघा. 'गिऱ्हाईक आहे, दोन दिवसांनी जाईल' म्हणून सोडून दिलेला शेरा मुलं मुकाट गिळतात. मग एक दिवस बॅग भरून निघून जातात, आणि मालक म्हणतो यांना टिकता येत नाही.

काय करायचं तर शेऱ्याला उत्तर द्यायचं काम ज्याला शेरा मारला त्याच्यावर ठेवायचं नाही. ते व्यवस्थापकाचं. वाक्य आधी ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तो चाचरणार नाही: "साहेब, यांचं नाव अमुक आहे. आमच्याकडे कोणालाही अशी हाक मारलेली चालत नाही." एवढंच, शांतपणे, टेबलाजवळ उभं राहून. दुसऱ्यांदा झालं तर त्या टेबलावर दुसरा माणूस, आणि तो पुरुष व्यवस्थापक. तिसऱ्यांदा बिल. ३१ डिसेंबर, मे महिन्याची सुटी आणि जोडून आलेले शनिवार-रविवार या दिवसांत दारूच्या टेबलांवर मुलींना एकटं पाठवू नका. छातीवर नावाचा बिल्ला द्या, नाव देवनागरीत मोठं, आणि आधी तुमच्या स्वयंपाकघरातल्या स्थानिक कामगारांना ते नाव म्हणायला शिकवा. 'ए बहादूर' ही हाक बऱ्याचदा पहिल्यांदा स्वयंपाकघरातूनच येते आणि बाहेरचे तीच उचलतात.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असल्याने २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समिती तुम्हाला बंधनकारक आहे. ती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. या कायद्यात कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून, म्हणजे गिऱ्हाइकांपासूनही, सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. तक्रारीची मुदत तीन महिने. समितीतली बाहेरची सदस्य हिंदी किंवा इंग्रजी बोलणारी घ्या, मुली तिच्याशीच बोलतील. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवायची गाडी, हे तिन्ही हवं. तारकर्ली-देवबागच्या त्या अरुंद रस्त्याने अकरा वाजता चालत खोलीवर जाणं, ही सुरक्षितता होत नाही.

खोलीचा प्रश्न. मालक तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'भाऊ मुंबईहून येतोय', 'रंग काढायचाय' असं सांगतो. अडचण काय आहे ते स्पष्ट विचारा. बहुधा तीन गोष्टी निघतात: हे परदेशी आहेत की काय, पोलिसांचा त्रास होईल, आणि घरात कसले कसले वास येतील.

पहिल्या दोन्हींचं उत्तर कागदात आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे घरमालकाचं काम आहे, ते ऑनलाइन होतं, आणि कुडाळच्या भाडेकरूसाठी जी कागदपत्रं लागतात तीच इंफाळच्या भाडेकरूसाठी. पासपोर्ट मागायचा नाही. परदेशी पाहुण्यांसाठीचा, 'सी' नावाने ओळखला जाणारा फॉर्म तुमच्या रिसॉर्टात सिक्कीम किंवा मणिपूरच्या पाहुण्याकडून भरून घ्यायचा नाही. हे लोक इथे यायला परमिट लागत असेल असंही काहींना वाटतं. ते उलटं आहे: नागालँड, मिझोराम, अरुणाचल, मणिपूरमध्ये जायला आपल्याला इनर लाइन परमिट लागतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे सांगितलं की घरमालक स्वतःहून नोंदणीला तयार होतो. करार शक्यतो मुलांच्या नावावर करा, तुम्ही ओळख द्या. रिसॉर्टच्या नावावर खोली घेणं सोपं असतं, पण मग नोकरी सुटली त्याच दिवशी छप्परही जातं, आणि त्या भीतीने माणूस काहीही सहन करतो.

तिसऱ्याचं उत्तर करारातल्या एका ओळीत देता येतं. आंबवलेली मासळी, सोयाबीन, बांबूचे कोंब हे त्यांच्या रोजच्या जेवणातलं आहे. अंगणात जवळा, बोंबील सुकवणाऱ्या आणि पावसाळ्यात कोंबांची भाजी करणाऱ्या आपल्या घरांनी त्यावर नाक मुरडावं, याचं वाईट वाटतं. तरी वाद टाळायला: स्वयंपाकघराला बाहेर तोंड असलेला एक्झॉस्ट पंखा, बरण्या घट्ट झाकणाच्या, आणि उग्र शिजवायचं ते दुपारी, शेजारचं दार बंद असतं तेव्हा. एवढं मान्य झालं की बहुतेकांची तक्रार राहत नाही. जिथे तरीही राहते, तिथे ती वासाची नव्हती असं समजा आणि दुसरी खोली बघा.

दार्जिलिंगच्या मुलांबद्दल एक वेगळी गोष्ट. आंब्याच्या बागांच्या राखणीला आणि रत्नागिरी, हर्णैच्या बोटींवर खलाशी म्हणून नेपाळचे नागरिक येतात. १९५० च्या कराराने ते इथे राहू आणि काम करू शकतात. तुमची मुलं मात्र भारतीय गोरखा आहेत, आणि 'तुमच्या नेपाळात' हे ऐकणं त्यांना जिव्हारी लागतं, कारण नागरिकत्वावरचा तो संशय त्यांच्या पिढ्यान् पिढ्या पाठीशी आहे. केंद्राला १९८८ मध्ये खास अधिसूचना काढून त्यांच्या नागरिकत्वाचा खुलासा करावा लागला होता. नेपाळच्या खलाशालाही मार लागला तर दुखापतीची, धमकीची कलमं तशीच लागतात, तिथे नागरिकत्वाचा प्रश्नच येत नाही.

मणिपूरच्या मुलांना एका खोलीत घालण्याआधी एकेकट्याला विचारा. मे २०२३ पासूनच्या हिंसाचारानंतर मैतेई आणि कुकी दोन्हीकडची मुलं घरं सोडून कामाला बाहेर पडली आहेत. कोणाचं घर जळलंय, कोणाच्या घरातला माणूस गेलाय. गिऱ्हाइकांसमोर किंवा सगळ्यांच्या देखत 'तू त्यातला कोण?' हे कोणीही विचारू नये, अशी सक्त ताकीद द्या.

अफवेच्या दिवसांसाठीही तयारी लागते. ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या मुलांवर हल्ले झाले, मोबाइलवरून धमक्या फिरल्या आणि बेंगळुरू-पुण्याहून हजारो लोक गुवाहाटीच्या गाड्यांत बसून निघून गेले. २०२० मध्ये त्यांना 'कोरोना' म्हणून रस्त्यात हटकलं गेलं, सांताक्रूझला मणिपूरच्या मुलीवर थुंकण्यापर्यंत मजल गेली. त्याच वर्षी मे महिन्यात आपले चाकरमानी मुंबईहून गावी आले, तेव्हा वेशीवर अडवलं गेल्याची, शाळेत चौदा दिवस ठेवल्याची बोच कोकणातल्या घराघरांना ठाऊक आहे. गावात या विषयावर बोलायची वेळ आली तर ग्रामसभेत कलमं वाचून दाखवण्यापेक्षा तो महिना आठवून द्या, लोक ऐकतात. अफवा उठली की पहिल्या काही तासांत तीन गोष्टी करा: पोलीस ठाण्याच्या प्रभारींना फोन आणि लेखी कळवणं, मुलांच्या घरच्यांशी तुम्ही स्वतः फोनवर बोलणं, आणि त्या रात्री सगळ्यांना रिसॉर्टच्या आवारातच झोपायची सोय. कोणाला जायचंच असेल तर पगाराचा पूर्ण हिशेब त्याच दिवशी हातात द्या. अडवून ठेवलेला पगार घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवतो. त्याला स्टेशनवर एकटं सोडू नका. गाडीत त्रास झाला तर रेल्वेची हेल्पलाइन १३९, इतर कुठेही ११२.

शेवटी, गुन्हा नोंदल्यानंतर खटले कुठे मरतात ते. जूनमध्ये पाऊस लागला की किनाऱ्यावरचा धंदा मंदावतो, मुलं घरी जातात, आणि समन्स तुमच्या रिसॉर्टच्या पत्त्यावर येऊन परत जातं. फिर्यादीच हजर नाही म्हणून आरोपी सुटतो. गावात मग 'खोटीच केस होती' असं पसरतं. म्हणून एफआयआरमध्ये मुलाचा कायमचा पत्ता आणि घरचे दोन फोन नंबर लिहायला लावा. तो जाण्याआधी तपास अधिकाऱ्यांना सांगून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवून घ्या. सरकारी वकिलांना व्हिडिओवरून साक्षीसाठी अर्ज करायला सांगा. ॲट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडित आणि साक्षीदाराला तारखेला येण्याचा प्रवासखर्च आणि दैनिक भत्ता मिळतो, टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्यही मिळतं. तो अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, एफआयआरच्या प्रतीसह. त्यासाठी मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे तो इथे आहे तोवरच बघून घ्या. दिमापूरहून ते काम होता होत नाही.